माझ्या नावाचे दोन पत्ते

या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. कपाटात एक बॅटरी, दोन पंखे आणि मी. पंख्यांपैकी एक बंद पडला आहे. माझ्या पाठीला नेटवर्कच्या तारेसाठी दोन खाचा आहेत. एकीत तार, दुसरी रिकामी. मित्रांनो, मी या रुग्णालयाचा जुना सर्व्हर आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता. ताईने, म्हणजे संगणक विभागाच्या बाईंनी, मला दोन कामं शिकवली. कोणी पासवर्ड टाकला की तो खरा आहे का ते पाहायचं. आणि कोणी यंत्राचं नाव विचारलं की त्याचा पत्ता सांगायचा, कारण संगणकांना वाट शोधायला आकड्यांचे पत्तेच लागतात. या पत्ते सांगण्याला डीएनएस म्हणतात. माझा स्वतःचा पत्ताही मीच सांगतो. वर्षं सरली तशी "आमचे आजोबा कधी चुकत नाहीत," असं ताई कौतुकाने म्हणायची. पुढे माझी सगळ्यांना सवय झाली आणि माझ्यावरची धूळ पुसायचंही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

एका सकाळी नव्या इंटरनेटचा जोडणीवाला आला. "अरे वा, ही जागा रिकामीच आहे की!" म्हणत त्याने दुसऱ्या खाचेत तार खोचली आणि निघून गेला. ती तार त्याच्या नव्या डब्याकडे जात होती. रुग्णालयातल्या कुठल्याच संगणकाला तिथे यायला वाट नव्हती. पण नवी तार लागली की तिचा पत्ता माझ्या नावापुढे आपोआप लिहिला जातो, अशी माझी घडण. आता कोणी विचारलं की मी दोन्ही पत्ते सांगू लागलो. कधी खरा आधी, कधी कुठेच न पोचणारा आधी.

दुपारी शस्त्रक्रियागृहातून फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला. वर टेबलावर एक बाई होती, डोक्यात गाठ असलेली. तिची लेक दाराबाहेर उभी होती. गाठीचा फोटो काही उघडेना, कारण आधी पासवर्ड माझ्याकडून तपासून घ्यावा लागतो. तिथला संगणक मला शोधत भलत्याच पत्त्यावर ताटकळत होता.

"फोटो दिसल्याशिवाय मी भूल देऊ देणार नाही," सर्जन म्हणाले. "आणि फार वेळ थांबताही येणार नाही."

एक्स-रेवाले काका धापा टाकत आले. "खाली तर मधूनमधून उघडतोय! ताई, हे तुझे आजोबा थकले. बंद करून चालू कर, नाहीतर भंगारात दे."

ताईचं बोट माझ्या बटणापाशी आलं. माझा उरलेला पंखा घरघरू लागला. मी बंद होऊन चालू झालो तरी तार तिथेच राहणार होती, आणि तोवर खालचे फोटोही दिसेनासे झाले असते! पण मला आवाज नाही. विचारलं तरच मी उत्तर देतो. विचार ना, ताई. माझं नाव विचार.

बोट थांबलं. "काका, फोटो न काढता तुम्ही कोणाला प्लास्टर घालू देता का?" असं म्हणून ती कीबोर्डपाशी बसली आणि तिने माझं नाव विचारलं. मी दोन पत्ते दिले.

"हा दुसरा कुठला पाहुणा?"

ती उठून माझ्या पाठीमागे आली. धुळीत ती नवी तार चमकत होती. ताईने ती उपटली, खोटा पत्ता पुसला आणि फोनकडे वळली. "सर, तुमचाच संगणक बंद करून चालू करा. चुकीचा पत्ता त्याच्या डोक्यात बसलाय."

मित्रांनो, जागा रिकामी दिसली म्हणून तार खोचू नका. आणि जुन्या यंत्राला दोष देण्याआधी एकदा त्याला विचारून पाहा.

ताईने माझं नाव वीस वेळा विचारलं. वीसही वेळा एकच पत्ता आला. शस्त्रक्रियागृहातला फोटो सात सेकंदांत उघडला.