अस्सल तांब्याची तार

लोहाऱ्यात लग्न कुणाचंही असो, भोंगे आमच्या अप्पांचेच असायचे. वरात यायच्या आधी आई माईक हातात घ्यायची आणि अप्पा मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभे राहायचे. "आवं, ऐकू येतंय का?" आई विचारायची. अप्पा तिथूनच हात वर करायचे. तेवढ्यावरच स्वारी खूश.

आई गेली. तिचा तो प्रश्न एका कॅसेटवर तेवढा राहिला. अप्पा तो रोज ऐकायचे. भोंग्यांशेजारी जन्म काढल्यानं त्यांचे कान जवळजवळ गेलेत, आणि उरलंय तेही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

उन्हाळ्यात कॅसेट चालू असतानाच अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला; कॅसेट वाजायची ती त्याच पेटीत. नवा घातला, तोही उडाला. टेप आतल्या चाकात गुंतून बसली होती. ओढली असती तर तुटली असती. अप्पांनी मला मोटार वाइंडिंगवाल्या बशीरचाचांकडं पिटाळलं. वीतभर तांब्याची तार आण, फ्यूजच्या जागी घालतो, म्हणाले. गावच्या विजेच्या डीपीवरही तारच घालतात की, हा त्यांचा मुद्दा.

चाचांनी तार दिली नाही, स्वतःच घरी आले. ट्रान्सफॉर्मर आत शॉर्ट झालाय म्हणून फ्यूज उडतोय; तार घातली तर तार टिकेल आणि पेटी जळेल, हे त्यांनी अप्पांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "आन् भाभीचा आवाज बी जळंल, महालिंगप्पा."

"एक डाव ऐकू दे," अप्पा म्हणाले. "मग जळू दे."

मी भडकले. आई काय तुमच्या एकट्याचीच होती का, असं तोंडावर विचारलं. मलाही तो आवाज हवा होता, जीव जाईस्तोवर हवा होता. अप्पांनी मान खाली घातली.

ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळायचं ठरलं. तारेचं पहिलं रीळ आलं, ते चाचांनी ब्लेडनं खरवडलं तर आत पांढरं निघालं. अ‍ॅल्युमिनियमला वरून नुसता तांब्याचा मुलामा. ते परत गेलं. अस्सल तार सोलापूरहून यायची होती. तार आली का, अप्पा रोज सकाळी विचारायचे, आणि मला रोज आदल्या दिवसापेक्षा मोठ्यानं उत्तर द्यावं लागायचं.

काल एकदाची पेटी तयार झाली. चाचांनी टेप अलगद सोडवली. फ्यूज टिकला. मी बटण दाबलं.

"आवं, ऐकू येतंय का?"

अप्पा माझ्याकडंच बघत होते. "बोलली का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. अप्पा उठले, अंगण ओलांडून पार कुंपणापर्यंत गेले, वळले आणि त्यांनी हात वर केला.