अठ्ठाविसावा दिवस

तांबडी कोंबडी टोपलीतून उठली, तेव्हा कुठे धाकट्या सुनेला आपली चूक कळली.

कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात, बदकांना अठ्ठावीस लागतात. धाकटीने खुडूक तांबडीखाली दोन्हींची अंडी एकाच दिवशी सरकवली होती. तांबडीची पिल्लं निघाली आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन परसात चालती झाली. मागे बदकाची सहा मोठी अंडी उघडी पडली.

दुसऱ्या कुणाची असती तर एवढं वाटलं नसतं. सासूबाई लग्नात माहेराहून बदकांची जोडी घेऊन आल्या होत्या. माहेरचं घर गेलं, माणसं गेली. अंगणात त्या जोडीचा वंश तेवढा चाळीस वर्षं टिकला. गेल्या महिन्यात कुत्र्यांनी उरलीसुरली बदकं फाडली. राहिली ती ही सहा अंडी.

"आई, कोंबडी उठली," धाकटीने सांगितलं.

सासूबाईंची शिवणाची सुई थांबली. "सगळी एकदमच ठेवली होतीस?"

"हो."

त्या पुन्हा टाके घालू लागल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"आता तूच बस टोपलीत," थोरली जाऊ म्हणाली. "पंख तेवढे लावून घे."

धाकटी खरोखरच टोपलीपाशी बसली. टोपलीत जुनी लोकरी शाल, शालीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी. पिशवी निवायच्या आत बदलायची. अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारून दिवसातून पाच वेळा ती उलटायची, कोमट पाण्याचा हात फिरवायचा. अंडं पापणीला लावून ऊब बघायची तिला सवयच लागली. पंचविसाव्या दिवशी सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आता उलटू नकोस." आणि निघून गेल्या.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी स्वतःच कोमट पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. एकेक अंडं हलकेच पाण्यात सोडलं. आत जीव असला तर अंडं आपोआप डुलतं. पहिलं तरंगत राहिलं, नुसतं. दुसरं, तिसरं, चौथंही तसंच. पाचवं हललं, जणू कुणी आतून कोपर मारलं. सहावंही हललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही अंड्यांना टिचकी मारल्यासारखे तडे गेले. छिद्रातून चोचीचं टोक दिसलं. धाकटी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटली. पण दुपार झाली, संध्याकाळ झाली, छिद्र तेवढंच.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ती पाणी तापवायला गेली, तेवढ्यात थोरलीने एका अंड्याचं कवच नखाने सोलायला घेतलं. मनात वाईट काही नव्हतं. "गुदमरतंय गं बिचारं," एवढंच तिचं म्हणणं. कवचाखालच्या पडद्यातल्या शिरा अजून भरलेल्या होत्या. रक्ताची धार लागली ती थांबेना. पिल्लू तिच्या ओंजळीतच गेलं. थोरली भिंतीला टेकून रडत राहिली.

आता एकच अंडं राहिलं होतं, आणि भर दुपारी तेही गप्प झालं. चोच हलेना.

"उघड की," थोरली कळवळून म्हणाली. "हेही जाईल!"

"आई, काय करू?"

"अंडी तू ठेवलीस. तूच ठरव."

धाकटीचे हात शिवशिवत होते. एवढासा तुकडा काढला तर काय होईल? तिने थोरलीच्या नखांकडे पाहिलं, कडांना रक्त अजून तसंच होतं. मग तिने दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली दाबले आणि त्यांवर बसून राहिली. तास गेला. दुसरा गेला. हातांना मुंग्या आल्या.

सासूबाई तिच्याशेजारी येऊन टेकल्या. टोपलीवर वाकून, बदकांना दाणे टाकताना घालत तशी हळू साद घातली, "तीय, तीय, तीय."

आतून बारीक "पी" आलं.

"दमलंय ते. पिवळा बलक पोटात ओढून घेतंय," सासूबाई म्हणाल्या. "अशीच बस."

उन्हं उतरता उतरता छिद्राची रेघ झाली, रेघ गोल फिरली आणि टोपणासारखं कवच उचललं गेलं. ओलं, पिवळं, थरथरणारं पिल्लू शालीवर सांडलं. त्याने पहिल्यांदा पाहिलं ते धाकटीकडे.

त्या दिवसापासून ते तिच्या टाचांना चिकटलं. मोरीत, परसात, शिलाईच्या खोलीत, सगळीकडे. "पाण्यात सोडू नकोस हं," सासूबाई बजावायच्या, "पिसांना तेल लावायला ह्याला बदक आई नाही." पिवळी लव झडली, पांढरी पिसं फुटली. तरी धाकटीचा जीव टांगणीलाच होता. नर असला तर वंश इथेच संपला, मादी आसपास कुणाकडेच नव्हती. मादी असली तर पलीकडच्या गल्लीतल्या गवळ्याचा नर मिळण्यासारखा होता. आणि ते कळतं आवाज फुटल्यावर; नराचा आवाज घोगरा नि बारीक राहतो.

आठवा आठवडा होता. धाकटीने परसातलं कुंपणाचं दार बाहेरून ओढून घेतलं, पिल्लू आतच राहिलं. त्याने मान वर केली आणि असा मोठा, खणखणीत, सगळी गल्ली ऐकेल असा "क्वॅक" ठोकला की थोरली स्वयंपाकघरातून पळत आली.

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. दोन महिन्यांनी त्या पहिल्यांदा हसल्या.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "त्या गवळ्याकडे जाऊन ये."