उजव्या खिशाचा कोट

धुळ्यात ऋतू तीन आहेत असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात उन्हाळा एकच आहे आणि त्याला वर्षातून दोनदा सुट्टी मिळते. निंबाने मात्र तिन्ही ऋतूंचे कपडे मनापासून ठरवून ठेवले होते, आणि त्यातला एकही कपडा पंच्याहत्तर सालानंतर शिवलेला नव्हता. साल होतं एकोणीसशे नव्वद.

निंबा टायपिंगच्या क्लासात शिकवायचा. क्लासच्या खाली एक फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या काचेतले फोटो मालकाने वीस वर्षांत बदलले नव्हते. निंबाचं सगळं शिक्षण त्या काचेसमोर झालं. उन्हाळ्यात तो चुलत्याची जुनी, चोवीस इंची मोहरीची बेलबॉटम पँट घालायचा. चालताना घोट्यापाशी वारा खेळतो, असं त्याचं म्हणणं. पावसाळ्यात तीच पँट तीन घड्या वर दुमडायची, कारण फोटोतल्या एका गृहस्थाने तशी दुमडली होती. तो गृहस्थ बहुधा चिखलातून फोटो काढायला आला असावा. निंबाने त्याला फॅशन मानलं.

"तुझ्या अंगावरचे सगळे कपडे तुझ्यापेक्षा मोठे आहेत, त्यांना वाकून नमस्कार करत जा," असं चांद म्हणायचा. चांद शिंपी त्याचा वर्गमित्र. पाचव्या गल्लीत त्याचे वडील नूर महंमद यांचं दुकान होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून मशीनवर चांद बसायचा आणि म्हातारे बाजूच्या ओट्यावर बसून, हाताने चाचपत, काज-बटणं करायचे.

हिवाळ्याची मात्र निंबाकडे सोय नव्हती. हिवाळ्याचा कोट घरात एकच, तोही नानांचा.

नाना म्हणजे निंबाचे वडील, चिंधा नाना. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून याच्यावर कोणाची नजर नको, या हिशेबाने आईबापांनी त्यांचं नाव चिंधा ठेवलेलं. नावाचा राग नानांनी आयुष्यभर कपड्यांवर काढला. जिनिंगमध्ये काट्यावर वजन करायला बसायचे, चारी बाजूंनी कापूस उडायचा, पण संध्याकाळी घरी येताना कोटावर एक तंतू नसायचा. फिक्कट राखाडी लोकरी कोट. चौसष्ट साली लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे जामनेरच्या मंडळींनी, जावयाला दिलेला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तो ट्रंकेतून निघायचा, त्याच्यातला कडुनिंबाचा पाला झटकला जायचा, दिवसभर तो दोरीवर ऊन खायचा आणि मग होळीपर्यंत नानांच्या अंगावर.

त्या कोटात एक खोट होती. वरचा खिसा उजवीकडे होता.

जगातल्या झाडून सगळ्या कोटांचा वरचा खिसा डावीकडे असतो. नाना उजव्या खिशात पेन लावायचे आणि उजव्याच हाताने काढायचे. त्या वेळी त्यांचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर यायचं. सगळ्या आळीला ते पाठ होतं. जामनेरला गेलं की तोताराममामा हमखास विचारायचा, "दाजी, टेलर डावखुरा होता का?" नाना शांतपणे सांगायचे, "मीच सांगितलं तसं. डाव्या बाजूला काळीज असतं, त्याच्यावर उगाच पेनाचं वजन नको." लोक हसायचे. निंबाची आई, भागाबाई, तेवढी कधी हसली नाही. खिशाचा विषय निघाला की ती उठून चहा ठेवायला जायची. पंच्याऐंशी साली ती गेली, तेव्हापासून विषय निघाला तरी चहा मिळायचा बंद झाला.

नव्वदच्या भादव्यात नाना मुलीच्या बाळंतपणासाठी सावद्याला गेले आणि दिवाळीनंतर येतो म्हणाले. त्याच आठवड्यात तोताराममामाचं पत्र आलं. जामनेरला एक मुलगी आहे, दिवाळीनंतर दोघं बापलेक बघायला या.

निंबाने ट्रंक उघडली. वीस हिवाळ्यांनी कोटाचा राखाडी रंग उडवून तो ताकासारखा केला होता. पण खालची अस्तराची शिवण एका जागी सुटली होती, तिच्यातून आत बोट घालून निंबाने कापड उलटं करून पाहिलं. आतली बाजू दाट, ताजी, स्टुडिओतल्या फोटोसारखी. त्याला एकदम सुचलं. कोट उलटवायचा. जुने शिंपी हे काम करायचे, त्याने ऐकलं होतं. सगळा कोट उसवायचा, प्रत्येक तुकड्याची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि परत शिवायचा. शिवाय उलटवल्यावर डावं ते उजवं होतं, उजवं ते डावं. म्हणजे खिसाही आपोआप जागेवर येणार. नाना परत येतील तेव्हा त्यांचा कोट नवा, खिसा सरळ, आणि मुलगी बघायला तो आधी आपण घालणार. एका सुईत इतकी कामं. नानांना पत्र टाकून विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण विचारलं तर नाना नाही म्हणतील, म्हणून त्याने विचारलं नाही. पुढे ही गोष्ट त्याला वेगवेगळ्या प्रकारे आठवत राहिली, आणि प्रत्येक वेळी पोस्टकार्ड पंधरा पैशांनाच मिळत होतं.

चांदने कोट हातात घेतला तेव्हा म्हातारे मालेगावला लेकीकडे गेलेले होते.

"मी कधी उलटवलेला नाही रे. अब्बा आल्यावर विचारतो."

"विचारतोस काय त्यात. कापड आहे, दगड नाही."

"मधे काही निघालं तर? डाग-बिग?"

इथे निंबाने भाषण केलं. काचेसमोर पाच वर्षं उभं राहून तयार केलेलं भाषण होतं ते. डाग म्हणजे कपड्याचं वय. नव्या कपड्याला काही सांगायचंच नसतं. आपली स्टाईल म्हणजे जुन्याला जुनं दिसू देणं. जे निघेल ते निघू दे, जसंच्या तसं शिव, मला विचारायला येऊ नकोस.

"बरं," चांद म्हणाला. चांदचा मोठा गुण असा की तो मित्राचं ऐकायचा.

पंधरा दिवसांनी निंबा दुकानात गेला. कोट लाकडी हँगरवर होता. समोरून असा की काचेतला गृहस्थ खाली उतरून विचारेल, कुठे शिवला. रंग दाट, खिसा डावीकडे, कॉलर कडक. निंबाने तो चढवला, आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा त्याला वाटलं की आपला जन्म योग्य कामासाठी झाला आहे.

"मागचंही बघ," चांद अभिमानाने म्हणाला आणि हातातला छोटा आरसा मागे धरला.

पाठीवर बरोबर मध्यभागी इस्त्री होती. म्हणजे इस्त्रीचा जळका ठसा. तांबूस, टोक मानेकडे, कडा इतक्या रेखीव की इस्त्रीला पासपोर्ट काढायचा असता तर हाच फोटो चालला असता.

"हे काय आहे?"

"तूच म्हणालास जसंच्या तसं. मला तर आवडलं. असं धुळ्यात कोणाकडे नाही."

हे खरं होतं. ओट्यावर बसलेले नूर महंमद, कालच मालेगावहून परतलेले, म्हणाले, "चांद, कौनसा कोट है? इकडे दे."

त्यांनी तो मांडीवर घेतला. बोटं शिवणीवरून फिरली, खिशापाशी थांबली, मग पाठीवरून सरकली आणि जिथे कापड किंचित खरखरीत होतं तिथे स्थिर झाली.

"हा चिंधाभाऊंचा कोट. हा मी उलटवला होता. सत्तर साली." ते चांदकडे वळले. डोळ्यांना दिसत नसलं की माणूस थोडा चुकीच्या दिशेला बघतो, ते मशीनला म्हणाले, "एकदा उलटवलेला कोट परत उलटवत नसतात, बेटा. का उलटवला ते आधी विचारतात."

मग त्यांनी सांगितलं. तोताराममामाचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. भागाबाईच्या सख्ख्या भावाचं लग्न, आणि नवऱ्याच्या अंगावर तिच्या बापाने दिलेला, तोवर ट्रंकेतच जपलेला कोट पहिल्यांदा जाणार, म्हणून ती स्वतः कोळशाची इस्त्री घेऊन बसली. निखारे जास्त झाले. माहेरी आता काय तोंड दाखवू, म्हणून ती जेवेना. चिंधाभाऊ कोट पोत्यात गुंडाळून दुकानात आले, म्हणाले, काहीही करा, ही बाजू परत कोणाला दिसायला नको. "मी म्हणालो, भाऊ, उलटवतो, पण खिसा उजवीकडे जाईल, लोक हसतील. तर म्हणाले, मला हसू द्या, तिला नको."

निंबा अंगातला शर्ट बघत उभा राहिला.

"चाचा, परत उलटवा. आजच्या आज."

"आता कशाने? शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, आम्ही माया म्हणतो त्याला. अर्धी मी तेव्हा खाल्ली, उरलेली याने. आता सुई लावली तर काठ सुटून येईल."

"रंगवला तर?"

"आकसेल. तुला बंडी हवी असली तर रंगव."

नाना यायच्या आत निंबाने जे जे करता येईल ते सगळं केलं. लिंबू चोळलं, दही चोळलं, खडू घासला. कोटाला त्याने थोडा खाण्यासारखा वास आला, ठसा तसाच राहिला. शेवटी त्याने कोट घडी करून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून दिला. नाना आले की आपण आधी सांगायचं, मग ते उघडतील. वाक्यही त्याने टाइप करून पाहिलं. चार वेळा केलं, प्रत्येक वेळी 'माफ' शब्दात चूक झाली. शिकवणारा तोच असल्याने कोणी लाल खूण केली नाही.

नाना मात्र एक दिवस आधीच आले. कोजागिरी उलटून गेलेली, कोटाला उशीर झालेला. त्यांनी पिशवी ठेवली आणि ट्रंक उघडली. निंबा क्लासहून परतला तेव्हा कोट अंगणात दोरीवर होता, पाठ दाराकडे. नाना बाजेवर त्याच्यासमोर बसले होते, हातात चहाचा कप, चहावर साय धरलेली.

"कोनी करं हाई?" नाना म्हणाले.

"चांदने. मी सांगितलं होतं, नाना. त्याची चूक नाही."

"हं."

"मला माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत ऱ्हाईन," नाना म्हणाले. "म्हनीसन तं पलटी करेल व्हता."

ते रागावले असते तर निंबाला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि ठशावर तळहात ठेवला. ऊन लागून लोकर गरम झाली होती. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला, मग आत गेले आणि ट्रंकेतला कॉफी रंगाचा स्वेटर काढून घातला.

"आते तूच घाल तो. माले थंडी नही वाजत."

त्या वर्षी धुळ्यात थंडी अशी पडली की बंबात पेटलेलं लाकूडसुद्धा जवळ सरकून बसत होतं. नानांना ती वाजली नाही.

जामनेरला निंबा कोट घालून गेला. घालू नये असं त्याला वाटत होतं, पण नानांनीच सकाळी तो हातात दिला, बाही सरळ करून. मामाच्या घरी शिरल्यापासून निंबा पाठीने भिंत धरून राहिला. पाणी प्यायला तो भिंतीभिंतीने गेला. मुलीकडच्या दोघा माणसांना तो चौकटीला पाठ लावून भेटला. त्यांना वाटलं, मुलगा आधाराशिवाय उभा राहत नाही.

"खिसा सरळ झाला की काय?" तोताराममामा ओरडला. "दाजी, शेवटी टेलर बदलला का? वळ रे निंबा, मागून बघू दे फिटिंग."

निंबा वळला नाही. मामाने खांद्याला धरून वळवला.

खोलीत हसू फुटलं. "अरे, पाठीवर इस्त्री ठेवून विसरला का कोणी?"

निंबाने नानांकडे पाहिलं. नाना खिडकीतून बाहेर बघत होते, रस्त्यात काहीच नव्हतं.

"मीच जाळला, मामा," निंबा म्हणाला. "परवाच. मला इस्त्री करता येत नाही."

"आमच्या बापाने दिलेला कोट होता तो, गाढवा," मामा म्हणाला. हसणं बंद झालं होतं. "माझी बहीण असती तर हे झालं नसतं. तिच्या हातची इस्त्री म्हणजे काय होती, विचार तुझ्या बापाला."

"हो," नाना म्हणाले. "तशी कोनाले जमत नही."

मुलीकडच्यांनी आठ दिवसांनी कळवलं की मुलगा सालस आहे, पण कपडे स्वतः जाळतो, तेव्हा योग नाही. ते पुढचं. त्या दिवशी निघताना मामाने मुलीच्या वडिलांचा पत्ता लिहून घ्या म्हटलं. नानांचा उजवा हात छातीच्या उजव्या बाजूला गेला, कोपर पंखासारखं बाहेर आलं आणि बोटं स्वेटरच्या लोकरीत काहीतरी शोधत राहिली. तिथे खिसा नव्हता. त्यांनी बोटं मिटली, कोपर हळूच खाली घेतलं आणि म्हणाले, पत्ता माझ्या ध्यानात राहील.

बसमध्ये निंबाने आपल्या डाव्या खिशातलं पेन काढून नानांपुढे धरलं. नानांनी ते घेतलं. ठेवायला जागा शोधली नाही. धुळं येईपर्यंत ते हातात धरून बसले.