तिसऱ्याच्या तोंडून

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्याचं आणि धाकट्याचं असं काही वाजलं, की दोघा चुलतभावांचं बोलणंच तुटलं. पुढं लढाई पेटली. दोघं एकाच पलटणीत भरती झाले, तरी अबोला काही सुटला नाही. थोरल्याच्या हाती बंदूक आली, धाकट्याच्या खांद्यावर मलमपट्टीची पिशवी. जेवायला शेजारी बसायचे, पण मीठ मागायचं तेसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून.

त्या दिवशी पलटण नांगरलेल्या रानातून पुढं सरकत होती. पावसानं ढेकळांचा नुसता राडा झालेला. समोरच्या टेकाडावरून गोळ्या सुटल्या आणि थोरला मांडी धरून कोसळला. बाकीचे बांधाआड आडवे झाले. धाकटा मात्र पिशवी पोटाशी धरून चिखलातून सरपटत निघाला. सुभेदार मागं बोलावत होता. हा बहिरा झाल्यासारखा पुढंच.

जवळ जाऊन बघतो तर रक्ताची चिळकांडी उडत होती. आता बोलायचं कसं? मधे तिसरं माणूस नव्हतं. होतं ते शिध्याचं खेचर, गोळ्यांशी आपला काही संबंध नाही अशा थाटात कान हलवत उभं.

धाकटा त्याच्याकडं तोंड करून म्हणाला, "याला सांग, पाय हलवायचा नाही. पट्टा आवळतोय. दुखेल."

थोरल्यानंही खेचराकडंच मान वळवली. "याला सांग, डोकं खाली घाल म्हणावं. उगाच मरेल."

डोक्यावरून गोळ्या सणसणत होत्या. धाकट्यानं स्वतःचं अंग थोरल्यावर टाकलं, पट्टा पिळला. रक्त थांबलं. मग त्याला पाठुंगळी घेऊन निघाला, तोच एक गोळी दंडातून आरपार गेली. गुडघे टेकले, पण पाठीवरचा भाऊ काही खाली टाकला नाही. खेचर बिनबोलावता मागोमाग आलं.

दोघांना घेऊन पलटणीची गाडी दवाखान्याच्या दारात थांबली. आधी कुणाला उतरवू, असं ड्रायव्हरनं विचारलं. थोरला म्हणाला, त्याला. धाकटा म्हणाला, त्याला. ड्रायव्हरनं दोन्हीकडचं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि वैतागून माणसं आणायला निघून गेला.

"तुझं रक्त जास्त गेलंय," धाकटा म्हणाला.

"तुझा हात गार पडलाय," थोरला म्हणाला.

मग दोघांनीही दचकून इकडंतिकडं बघितलं. गाडीत तिसरं कुणी नव्हतं.