माळावरची खबर

सूर्याजींनी गोणपाटाच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि हमालाला तो उचलू दिला नाही.

"बाबूजी, हाथ हटाओ. ट्रक खड़ा है."

"आधी सोडा तो. माझा कागद आहे त्यात."

कचेरीभर सुतळ्या आणि धूळ होती. महिन्याभरात मध्यभारत हे राज्यच उरणार नव्हते. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, आणि टेबलांच्या पायांनासुद्धा चिठ्ठ्या बांधल्या होत्या. आवाज ऐकून माधवराव बाहेर आले. वन्यप्राण्यांचे काम त्यांच्याकडे होते. तेही त्याच ट्रकांमागोमाग जायचे होते.

"सूर्याजीराव? तुम्ही असे वाटेत आडवे?"

"साहेब, घाटीगावच्या माळढोकांचा कागद खोटा आहे."

"कुणी लिहिला?"

"मीच."

माधवरावांनी त्यांना आत नेले. रिकाम्या खोलीत एकच स्टूल उरले होते. त्यावर दोघांपैकी कुणीच बसले नाही.

गेल्या वर्षी माधवरावांनी दरबारच्या जुन्या शिकारखान्यातल्या माणसांना पत्रे पाठवली होती: माळढोक अजून कुठे आहे, ते कळवावे. सूर्याजींचा जन्म शिकारखान्यात जनावरांची खबर आणण्यात गेला होता. त्यांनी आपल्या वळणदार मोडीत नव्हे, मुद्दाम शिकलेल्या बाळबोध अक्षरात उत्तर दिले होते, की घाटीगावच्या माळावर आता एकही पक्षी उरलेला नाही. त्या ओळीवर माळ पडीक ठरला. दिवाळीनंतर त्यावर ट्रॅक्टर फिरायचे होते. परवा सूर्याजींनी गवतात चुन्याच्या रेघा पाहिल्या, तेव्हा त्यांना हे कळले.

"अहो, मी राखायला विचारलं होतं," माधवराव हळू म्हणाले. "मारायला जन्मभर खऱ्या खबरा दिल्यात, आणि जगवायला एकदा विचारलं तर ही खोटी?"

सूर्याजी पागोट्याचा सोगा बोटाला गुंडाळत राहिले.

"खबर दिली की मागून बंदूक येते, साहेब. दुसरं काही पाहिलंच नाही कधी. मला वाटलं, कागदावर नसला तर वाचेल बिचारा. गलती झाली."

"आता शब्दावर कोण भरोसा ठेवणार? एक माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो, मग आहे म्हणतो."

"तुम्ही या. डोळ्यांनी बघा."

माधवराव खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली ट्रकवर त्यांचे स्वतःचे कपाट चढत होते.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "परवा मी नसेन इथं."

*

जीप माळाच्या कडेला थांबली तेव्हा ऊन नुकतेच पिवळे झाले होते. सूर्याजी उतरले, आणि माधवरावांकडे न पाहता त्यांनी मागच्या बाकाखाली वाकून पाहिले.

"बंदूक शोधताय?" माधवराव हसले. "डबा आहे फक्त. घरून आमच्या शरयूनं दशम्या दिल्यात. दशम्यांनी पक्षी मरत नाही. आपल्या दातांचं सांगवत नाही."

सूर्याजींना हसू आले नाही, पण त्यांचे खांदे जरा खाली आले. ड्रायव्हर माळढोकाचे हिंदी नाव घेत म्हणाला, "बाबा, सोनचिड़िया तो मैंने भी बरसों से नहीं देखी." त्याला गाडीजवळच बसवून दोघे गवतात शिरले.

चुन्याची पहिली रेघ ओलांडताना सूर्याजींनी पाय उंच उचलला, जणू तिथे तार होती. पुढे एका बोरीच्या झुडपामागे त्यांनी माधवरावांना पालथे पडायला लावले.

"समोर. काळा दगड आहे ना? त्याच्या डावीकडे, हातभर अलीकडे."

"गवत आहे."

"गवत नाही ते."

माधवरावांनी दुर्बीण लावली. बराच वेळ त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो थांबला. वाळक्या गवताच्या रंगाच्या पाठीतून एक करडी, उंच मान वर आली, वारा हुंगल्यासारखी जराशी वळली आणि पुन्हा स्थिर झाली.

"अंड्यावर आहे?"

"एकच घालते. उघड्या जमिनीवर. घरटं नाही, आडोसा नाही."

माधवरावांनी दुर्बीण उतरवली. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, आणि ते लपवावे असे त्यांना वाटले नाही.

"मला वाटलं होतं, माझ्या वाट्याला नुसते कागदच येणार." त्यांनी दुर्बीण पुन्हा माळावर फिरवली. "आणि नर?"

सूर्याजींनी कोपराखालचा खडा काढून बाजूला ठेवला.

"सूर्याजीराव, एकट्या मादीसाठी एवढा माळ कुणी सोडणार नाही. भोपाळला नवी माणसं आहेत. ती मला विचारतील, जोडी आहे का? काय सांगू?"

"आहे, साहेब."

"कुठे?"

"त्या टेकाडापलीकडे. खोलगटात."

"निदान आवाज तरी ऐकू येऊ दे त्याचा. ऐकला तर इथंच, या क्षणी वहीत लिहितो, की नर-मादी दोन्ही आहेत, नांगर थांबवावा. सहीसकट. ती वही माझ्या खिशातून थेट भोपाळच्या टेबलावर जाईल."

सूर्याजींनी पागोटे काढून झुडपापाशी ठेवले.

"मी मागून वळसा घालून त्याला इकडे सारतो. तुम्ही हलू नका. तिच्यावरच नजर ठेवा."

ते वाकून निघाले. टेकाडाआड गेल्यावरच त्यांनी पाठ सरळ केली आणि तिथेच क्षणभर उभे राहिले.

खोलगटात कुणीही नव्हते. हे त्यांना आषाढापासून माहीत होते. सबंध पावसाळा दर आठवड्याला ते पहाटे इथे येऊन कान देऊन बसले होते. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून नर जी हाक घालतो, कोसभर जमिनीवरून घरंगळत जाणारी, ती या साली एकदाही उठली नव्हती. मादी मात्र नागपंचमीला अंड्यावर बसलेली त्यांनी पाहिली. महिन्याच्या आत पिल्लू फुटायला हवे होते. आता पितृपक्ष लागला होता आणि ती अजून बसूनच होती. उन्हात पंख पसरून, पावसात पाठ देऊन, ती नराविना घातलेल्या त्या वांझ अंड्याला ऊब देत होती. तिला कोण सांगणार?

गेल्या वर्षी खरे लिहिले असते तर? तेव्हा नर होता. सूर्याजींनी त्याला नाचताना पाहिले होते.

ते टेकाडाच्या माथ्याशी सरपटत आले आणि गवतात पालथे पडले. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून ती त्यांनी तोंडाला लावली. शिकारखान्यात हे सगळ्यांना येत नसे, त्यांना येई. या हाकेवर पक्षी मान वर करी आणि पाहुण्यांची बंदूक त्या मानेवर स्थिरावे. दरबार मोडल्यापासून त्यांनी ती कधी घातली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. त्यांनी ओठ ओले केले, पोट आत घेतले.

"हुऽऽम."

माळावरून तो आवाज गेला, आणि त्यांचे स्वतःचेच अंग शहारले. त्यांनी आणखी एकदा हाक घातली. मग तिसऱ्यांदा.

दूर बोरीच्या झुडपामागे माधवरावांची दुर्बीण खाली गेली. खिशातून वही निघाली. गुडघ्यावर ठेवून ते घाईघाईने लिहू लागले; त्यांचे डोके कागदावरून एकदाही वर आले नाही.

म्हणून त्यांना दिसले नाही. मादी उठून उभी राहिली होती. पायाशी अंडे उघडे पडले होते, तिकडे तिचे लक्ष नव्हते. मान ताठ करून ती टेकाडाकडे पाहत होती. मग तिने एक पाऊल टाकले, थांबली, दुसरे टाकले. आणि न थांबता सरळ सूर्याजींच्या दिशेने चालू लागली.

इथे माणूस आहे हे तिला दिसू नये म्हणून सूर्याजींनी तोंड गवतात खुपसले, आणि गवत दुभागत येणारा तो हलका आवाज ते ऐकत राहिले.