नायकिणीनं सुताला हात लावला

रत्नम्माला नायकीण केलं तेव्हा सगळ्यात जास्त चिडली ती अक्कम्मा. सोलापूरच्या त्या गिरणीत वायंडिंग खात्यातल्या बायका बॉबिनवर सूत भरायच्या आणि त्यांच्यावर हुकूम चालवायला एक बाई असायची, ती नायकीण. अक्कम्माचा आवाज असा, की सगळी मशीनं धडधडत असतानाही तिची शिवी शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट पोचायची. नायकिणीला आणखी काय लागतं? पण खात्यावर देखरेख करणाऱ्या गोपाळराव मास्तरांनी निवडली ती खाली मान घालून काम करणारी रत्नम्मा. गरीब गाय आहे, हाकू तिकडं जाईल, असा त्यांचा होरा. माणसं ओळखण्यात मास्तर कच्चेच होते.

रिवाजाप्रमाणे बायकांनी तिची ओटी भरली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या चढवल्या. सूत भरणारीच्या हातात दोनचारच बांगड्या असत, नाहीतर धागा अडकतो. नायकिणीचे हात मात्र भरगच्च. त्या हातांनी आता सुताला शिवायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं, हा त्याचा अर्थ.

पहिल्याच दिवशी रत्नम्मानं जुन्या नायकिणीसारखी शिवी देऊन पाहिली. शिवी निम्मी घशातच राहिली. सगळं खातं खदाखदा हसलं.

"शिवी बी उसनी आणलीस व्हय गं?" अक्कम्मा म्हणाली.

त्या रात्री रत्नम्माला भाकरी गोड लागली नाही.

साल पंचाहत्तर. आणीबाणी लागली होती आणि जो तो साहेब शिस्तीचा दांडका घेऊन फिरत होता. गोपाळराव मागं कसे राहतील? त्यांनी रत्नम्माला बोलावून बजावलं, "उद्यापासून कामाच्या वेळात पाळणाघराकडं कुणी फिरकायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत काय ते पाजा. मधेच उठून गेली, की ती बाई घरी. आणि नाव तू मला द्यायचंस."

हा दांडका कुणाच्या डोक्यात बसणार हे रत्नम्माला लगेच कळलं. लीलाच्या. लीलाची तान्ही पोर वरचं दूध ओकून टाकायची, आईशिवाय तिचं चालत नव्हतं. काम सोडावं, तर नवऱ्याला आधीच गिरणीनं कमी केलेलं. पोर उपाशी ठेवायची की चूल बंद ठेवायची, एवढंच काय ते लीलानं ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातली आया दारात आली आणि तिनं हातानं खूण केली. लीलाचं ब्लाउज भिजलं होतं. ती जागची हलली नाही, नुसती नायकिणीकडं बघत राहिली. सगळं खातंच बघत होतं.

"जा," रत्नम्मा म्हणाली.

"आन् मशीन?"

"मी हाय की."

ती लीलाच्या मशीनवर उभी राहिली. बांगड्यांत धागा अडकून तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. मग तिनं एकेक बांगडी काढून खिडकीत ठेवायला सुरुवात केली.

"अगं, नवरा जिता हाय की तुजा!" कुणीतरी किंचाळलं.

"हाय, आन् बांगड्या काढल्या म्हनून मरायचा न्हाय. बांगड्यांवर त्याचं पोट भरत असतं तर मला गिरणीत कशाला धाडलं असतं?"

या वेळी बायका हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं.

तेव्हापासून खात्यात तिचाच कायदा चालू झाला. एकीचं पोर रडलं तर शेजारणीनं दोन मशीनं सांभाळायची, शेजारीण अडली तर नायकिणीनं उभं राहायचं. "नायकीण कसली, बदली कामगार हाय ही!" असं अक्कम्मा येता-जाता टोचायची. रत्नम्मा ऐकून घ्यायची. शिवी द्यायची तिला आता गरजच पडत नव्हती.

व्हायचं तेच झालं. एक दिवस गोपाळराव अचानक आले आणि लीलाच्या मशीनवर त्यांना नायकीण दिसली.

"ही काय थेरं चालवलीयस?"

"मशीन बंद हाय का, मास्तर?"

"तोंड वर करून बोलतेस? दिवस कसले आहेत, ठाऊक आहे ना?"

"दिवस कसले बी असू द्या. पोरांची भूक काय सरकारला विचारून लागत न्हाय."

"लीलाचं नाव दे. नाहीतर नायकीणपण सोड."

नायकीण झाल्यापासून आळीत रत्नम्माला मान मिळत होता, सासूसुद्धा अदबीनं बोलत होती. तो मान तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. तरी ती म्हणाली, "जा म्हनून मी सांगितलं. नाव घालायचं तर माजं घाला."

मास्तर गर्रकन वळले. "अक्कम्मा! उद्यापासून नायकीण तू."

दुसऱ्या दिवशी अक्कम्माची ओटी भरली. बायकांनी रिवाज तेवढा उरकला. रत्नम्मा आपल्या जुन्या मशीनवर परतली होती. तिला वाईट वाटत होतं, ते तिनं कुणाला दाखवलं नाही. आपली शिस्त बघायला गोपाळराव मुद्दाम दाराशी ठाण मांडून होते.

आया आली. खूण केली.

लीला अक्कम्माकडं बघत उभी. रत्नम्मानं आपल्या मशीनवरचा हात काढला आणि पाऊल उचललं. आपलं नायकीणपण गेलं म्हणून लीलाची वाट लागायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात तो आवाज घुमला.

"ए भवानी! पोर तितं टाहो फोडतंय आन् तू हितं माजं तोंड काय बघतीस? नीघ!"

आणि लीलाला बाजूला सारून अक्कम्मा मशीनवर उभी राहिली.

"अक्कम्मा!" मास्तर ओरडले.

तिनं वळूनही पाहिलं नाही. बांगड्यांत अडकून तुटलेला धागा जोडत म्हणाली, "बोला की मास्तर. आता कुणाला करताय नायकीण?"

गोपाळरावांनी ओळीवरून नजर फिरवली. एकीनंही मान खाली घातली नाही.