नवव्या दिवशीचा धूर

निजामुद्दीन मिस्त्रीचं नाक म्हणजे काय नाक होतं बाप्पा! दिग्रसच्या कापूस जिनिंगमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. कापसाजवळ जळका वास आला की आधी मेन स्विच पाडायचा अन् मग विचारायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

आता ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फुलसावंगीच्या प्रेरणाची भट्टी सांभाळत. या पोरीनं पुण्याची नोकरी सोडून गॅलियम ऑक्साइडचे स्फटिक वाढवायला घेतले होते. सिलिकॉन जिथं हात टेकतं, तेवढ्या दाबाची वीज यांच्या पातळ चकत्या पेलतात म्हणे. चार वर्षांत सात स्फटिक फुटले, पण पोरीच्या तोंडून हूं की चूं नाही! निजामुद्दीनचाचांना तिचं भारी कौतुक.

आठवा स्फटिक आठ दिवस झकास वाढला. नवव्या दिवशी आच वाढवली अन् भट्टीच्या नव्या आवरणातून जरासा धूर निघाला. नवं आवरण तापलं की निघतोच, त्यानं काही बिघडत नाही. पण चाचांच्या नाकाला कोण सांगणार? खटकन मेन स्विच पाडला. भट्टी एकदम निवली अन् स्फटिक तडकला.

चाचांनी कपाळावर हात मारला. परवा पुण्याच्या कंपनीचे सुनीलसाहेब येणार होते. त्यांची ऑर्डर मिळाली तरच कारखाना चालणार होता. प्रेरणा एवढंच म्हणाली, "राहू द्या चाचा. चांगला भाग कापून घेऊ."

ठरल्या दिवशी साहेबांनी येऊन तडकलेला स्फटिक पाहिला. त्यातून कापलेली चकती तपासून ते खूश झाले. "एक नंबर! पण स्फटिक तडकला कशानं?"

"लाईट गेलती," प्रेरणा चटकन बोलली.

साहेबांनी बॅग आवरायला घेतली. "मग कठीण आहे. विजेचा भरवसा नसेल तर दर महिन्याला माल कसा देणार?"

चाचांच्या ध्यानात आलं. आपल्याला झाकायला पोरगी सारा कारखाना बुडवायला निघाली!

"साहेब, लाईट गेलीच नाही," ते पुढं झाले. "म्या बंद केली. धूर पाह्यला अन् घाबरलो. हे पोट्टी मले झाकून राह्यली. मले काढून टाका, पण तिचं काम सोडू नका."

साहेबांनी बॅग खाली ठेवली.

"विजेचा घोळ नाही ना, मग शंभर चकत्या द्या. अट एकच, भट्टीवर खरं बोलणारे हेच चाचा पाहिजेत."

चाचांना रडू आवरेना. प्रेरणाचेही डोळे भरले होते, पण ती खेकसली, "रडता कायले? नववा स्फटिक आजच लावाचा हाये!"